शिक्का, ठसा आणि टोपणनाव : डिजिटल प्रमाणपत्राचा एक पाठ

जावा या संगणकीय भाषेच्या संचासोबत ‘कीटूल’ नावाचे एक छोटे साधन मिळते. संकेतस्थळाची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे तयार करणे, बाहेरून आलेली प्रमाणपत्रे आत घेणे आणि ती सांभाळणे, एवढेच त्याचे काम. नवी जोडी करायला सांगितले की पासवर्ड घेऊन झाल्यावर ते विचारते : तुमचे नाव आणि आडनाव काय? प्रश्न इतका साधा आहे की शिबिरात बसलेले शिक्षक बिनदिक्कत स्वतःचे नाव लिहून मोकळे होतात आणि पुढचे सगळे काम वाया जाते. साधनाला माणसाचे नाव नको असते. ज्या यंत्रासाठी प्रमाणपत्र करायचे त्याचा, म्हणजे संकेतस्थळाचा, पूर्ण पत्ता हवा असतो.

असा प्रश्न तिथे का राहिला, याचे उत्तर इतिहासात आहे. या प्रमाणपत्रांचा नमुना ‘एक्स-५०९’ या नावाने ओळखला जातो. तो १९८८ साली प्रथम ठरवला गेला, तेव्हा संकेतस्थळे नव्हती. जगभरच्या माणसांची आणि संस्थांची एक मोठी नामसूची करण्याची योजना होती आणि तिच्यातल्या नोंदींसाठी हा नमुना बनवला होता. म्हणून त्यात व्यक्तीचे नाव, संस्थेतला विभाग, संस्था, गाव, राज्य आणि देशाची दोन अक्षरे असे रकाने आहेत. सूचीची योजना मागे पडली, रकाने राहिले. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला हे नवीन नाही. अर्थ निघून गेलेले प्रत्यय शब्दांना असेच चिकटून राहतात.

मी बडोद्यात मराठी शिकवते आणि आमच्या भागातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाने जुन्या मासिकांची जी डिजिटल प्रत केली आहे तिच्या देखभालीत हातभार लावते. हे काम आम्ही मराठी मंडळींनी स्वतः का शिकावे, असा प्रश्न अनेकदा येतो. ‘त्यासाठी माणूस ठेवला आहे ना?’ माणूस ठेवावाच. पण तो नेमके काय करतो हे संस्थेत निदान दोघांना समजले पाहिजे, असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

आधी शब्दांचा विचार करू. इंग्रजीत या विद्येत सगळीकडे किल्ल्या आहेत : एक खासगी किल्ली, एक जाहीर किल्ली, त्यांची पेटी. आमच्याकडे किल्लीला ‘चावी’ म्हणणारेही पुष्कळ. गुजराती शेजार आहेच, आणि तो शब्द तर थेट पोर्तुगीजांकडून आलेला. पण किल्ली म्हणा की चावी, उपमा विद्यार्थ्याला फसवते. घराच्या कुलपाच्या दोन किल्ल्या सारख्या असतात. इथल्या दोन किल्ल्या वेगळ्या आहेत, आणि त्यांतली एक मुद्दाम जगजाहीर करायची आहे. जाहीर किल्ली ऐकून वर्गात हमखास हशा पिकतो.

म्हणून मी शिक्का आणि ठसा या शब्दांनी सुरुवात करते. मोडी कागदपत्रे पाहिलेल्या वाचकाला हे लगेच पटेल. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. शेवटच्या मोर्तबाचा हेतू सरळ होता : याखाली कोणी चार ओळी घुसडल्या तर त्या आपल्या नाहीत. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यात दोन वेगळी आश्वासने आहेत. पत्र कोणाचे आहे, हे एक. आणि ते पुरते आहे, त्यात भर पडलेली नाही, हे दुसरे. डिजिटल स्वाक्षरी हीच दोन आश्वासने देते. खासगी किल्ली म्हणजे पेटीत ठेवलेला धातूचा शिक्का. जाहीर किल्ली म्हणजे तो ठसा ओळखण्यासाठी सर्वांना दिलेला नमुना.

उपमा कुठे तुटते हेही सांगायला हवे. धातूचा ठसा पाहून कुशल सोनार बनावट शिक्का पाडू शकतो. इथे नमुन्यावरून शिक्का बनवता येऊ नये याची हमी गणित देते. अशी जोडी असू शकते हा विचार डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडला. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी पुढच्याच वर्षी मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराचा वापर करून एक प्रत्यक्ष रीत दिली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती ‘आरएसए’ म्हणून ओळखली जाते. गुणाकार करणे सोपे, गुणाकारावरून ते दोन मूळ अवयव शोधून काढणे अतिशय कठीण, यावर ती उभी आहे. दुसरा फरक असा, की शिक्क्याचा ठसा प्रत्येक पत्रावर तोच उमटतो, तर डिजिटल स्वाक्षरी मजकुराप्रमाणे बदलते. एक स्वल्पविराम हलवला तरी जुनी स्वाक्षरी जुळत नाही. मुद्रितशोधकांना हेवा वाटावा अशी ही काटेकोर व्यवस्था आहे.

आता कृतीकडे. साधनाला द्यायच्या आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात आणि प्रत्येक आज्ञेच्या आधी आडवी रेघ असते. इथे मी त्यांचे उच्चार देवनागरीत देते आहे. जपानी आणि चिनी भाषांतले संदेश या साधनासोबत येतात. मराठीतले येत नाहीत, म्हणून आपल्याला ते इंग्रजीत नीट वाचावे लागतात.

पहिली आज्ञा ‘जेनकीपेअर’. ही शिक्का आणि नमुना यांची जोडी बनवते आणि ‘कीस्टोअर’ नावाच्या फाइलमध्ये, म्हणजे किल्लीपेटीत, ठेवते. तिच्यासोबत चार गोष्टी सांगाव्यात. एक, ‘एलियास’, म्हणजे पेटीतल्या या नोंदीचे टोपणनाव. दोन, पद्धत आणि लांबी : आरएसए आणि किमान २०४८ बिट. तीन, मुदत, सांगितली नाही तर साधन ९० दिवस धरते. चार, पेटीच्या फाइलचे नाव आणि जागा. सांगितली नाही तर ती वापरणाऱ्याच्या घरफोल्डरात एका लपलेल्या फाइलमध्ये जाते आणि नंतर शोधाशोध होते. संकेतस्थळाचा पत्ता ‘नाव-आडनावा’च्या प्रश्नाला द्यावाच, पण तेवढ्यावर आता भागत नाही. ब्राउझर हल्ली पर्यायी नावांच्या वेगळ्या यादीत पाहतात. क्रोमने २०१७ पासून जुना रकाना वाचणे सोडून दिले आहे. ही यादी ‘एक्स्ट’ या आज्ञेने द्यायची असते, आणि पुढे मागणीपत्र करताना ती पुन्हा द्यावी लागते. पहिल्या वेळी दिली म्हणून ती मागणीपत्रात आपोआप उतरत नाही.

प्रश्न संपले की साधन सगळी उत्तरे एका ओळीत दाखवते आणि हे बरोबर आहे का असे विचारते. तिथे नुसते एंटर दाबले तर त्याचा अर्थ ‘नाही’ होतो आणि प्रश्नांची फेरी पुन्हा सुरू होते. विद्यार्थी याला वैतागतात. मला ही सावधगिरी आवडते.

संस्थेचे नाव देवनागरीत देता येईल का? नमुन्यात त्याला बंदी नाही. पण विंडोजच्या काळ्या खिडकीत टंकताना अक्षरांची प्रश्नचिन्हे होण्याचा धोका असतो, तेव्हा नंतर तपासून पाहावे. शिवाय जी प्रमाणपत्रे केवळ पत्त्यावरचा ताबा तपासून दिली जातात, आणि मोफत मिळणारी बहुतेक तशीच असतात, त्यांत संस्थेचे नाव ठेवलेच जात नाही. आपण लिहिलेले देणारा गाळून टाकतो. पत्त्याचे मात्र वेगळे आहे. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे क्षेत्र उपलब्ध आहे आणि मराठी नावाचा पत्ता घेता येतो. पण प्रमाणपत्रात तो देवनागरीत जात नाही, त्याचे रोमन रूपांतर जाते. एकट्या ‘भारत’चे रूप एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच-२-बी-आर-जे-९-सी असे होते. ते वाचून कोणाला देश आठवणार नाही, पण यंत्राला तेच कळते, आणि मागणीपत्रात तेच लिहावे लागते.

एवढ्याने जे तयार झाले ते स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र. स्वतःच्या शिफारसपत्रावर स्वतःच सही करावी तसे. घरातल्या घरात चालेल, बाहेरचा ब्राउझर ते मानणार नाही. म्हणून दुसरी आज्ञा, ‘सर्टरेक’, मागणीपत्र बनवते. त्यात आपली जाहीर किल्ली आणि पत्ता असतो, आणि खाली आपल्या खासगी किल्लीची स्वाक्षरी असते, म्हणजे किल्ली खरोखर आपल्याकडे आहे हे दिसते. खासगी किल्ली स्वतः पेटीबाहेर जात नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते. प्रमाणपत्र देणारा कोणी ‘तुमची खासगी किल्लीही पाठवा’ म्हणाला तर त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवावा.

देणारी संस्था पत्त्यावर आपला ताबा आहे का ते तपासते आणि स्वाक्षरी केलेले प्रमाणपत्र परत पाठवते. सोबत बहुधा एक मधले प्रमाणपत्रही असते, कारण ब्राउझर ज्या मूळ प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवतात त्यांनी थेट सही करण्याची प्रथा नाही. मूळ मधल्याला सही देते, मधले आपल्याला. तालुक्याच्या दाखल्यामागे जिल्ह्याचा अधिकार असावा तशी ही साखळी आहे.

आता ती साखळी पेटीत घ्यायची. आज्ञा ‘इम्पोर्टसर्ट’. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, आणि अडचण तांत्रिक कमी, वाचनाची जास्त आहे. ही एकच आज्ञा दोन अगदी वेगळी कामे करते आणि कोणते करायचे ते फक्त टोपणनावावरून ठरवते. जे टोपणनाव दिले त्या नावाची जोडी पेटीत असेल, तर साधन समजते की हे आपल्या मागणीला आलेले उत्तर आहे. ते जोडीची जाहीर किल्ली उत्तराशी ताडून पाहते आणि जुन्या स्वस्वाक्षरित प्रमाणपत्राच्या जागी नवे बसवते. टोपणनाव पेटीत नसेल, तर साधन समजते की हे दुसऱ्या कोणाचे तरी प्रमाणपत्र आहे आणि त्यावर विश्वास ठेवायचा आहे. ते वेगळी नोंद करते, जिच्यात खासगी किल्ली नसते.

म्हणून मधले प्रमाणपत्र आधी, वेगळ्या टोपणनावाने. मग आपले, जोडी केली होती त्याच टोपणनावाने. मधले राहून गेले तर साधन सांगते की उत्तरापासून साखळी जुळवता आली नाही. मूळ प्रमाणपत्र जावाच्या सोबत येणाऱ्या विश्वासपेटीत असेल तर ‘ट्रस्टसीएसर्ट्स’ हा शब्द जोडल्यास ते तिथून शोधले जाते.

टोपणनावात एका अक्षराचा फरक पडला तर काय होते? चुकीचा संदेश येत नाही, हीच खरी गंमत. साधन आनंदाने सांगते, ‘प्रमाणपत्र किल्लीपेटीत जोडले’. बरोबर झाले असते तर वाक्य असे असते, ‘प्रमाणपत्राचे उत्तर किल्लीपेटीत बसवले’. ‘जोडले’ आणि ‘बसवले’. ‘प्रमाणपत्र’ आणि ‘प्रमाणपत्राचे उत्तर’. दोन शब्दांचा फरक, आणि त्यावर संकेतस्थळ सुरू राहते की नाही हे अवलंबून. संगणक शिकवणारे मित्र ही ओळ वाचत नाहीत. त्यांना वाटते काम झाले. पाठभेद पाहण्याची सवय असलेल्या मराठीच्या विद्यार्थिनींच्या मात्र ती पहिल्याच दिवशी लक्षात आली, याचा मला आनंद वाटला होता. खात्री करायची तर ‘लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. आपल्या नोंदीपुढे ‘प्रायव्हेटकीएंट्री’ असे हवे. ‘ट्रस्टेडसर्टएंट्री’ दिसले तर प्रमाणपत्र भलत्या जागी गेले आहे. सविस्तर यादी मागितली तर साखळीची लांबीही दिसते. ती एकच असेल तर अजून स्वतःचेच शिफारसपत्र चालू आहे.

आणखी एक प्रसंग नेहमी घडतो. मागणीपत्र पाठवल्यावर उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात कोणी तरी ‘पुन्हा नीट करू’ म्हणून जुनी नोंद पुसून त्याच नावाची नवी जोडी करतो. मग उत्तर येते आणि साधन म्हणते, उत्तरातली आणि पेटीतली जाहीर किल्ली जुळत नाही. शिक्का वितळवला आणि मग त्याच्या ठशाचा दाखला आला, असे ते होते. उपाय एकच, नव्या जोडीने नवी मागणी.

जिथे खासगी किल्ली आधीच दुसऱ्या साधनाने बनवून वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये ठेवली आहे तिथे कीटूल ती थेट घेत नाही. ओपनएसएसएल वापरून किल्ली आणि साखळी एका ‘पीकेसीएस-१२’ गठ्ठ्यात बांधावी लागते, मग ‘इम्पोर्टकीस्टोअर’ने तो गठ्ठा आत घेता येतो. जावाच्या नवव्या आवृत्तीपासून कीटूलची पेटीही मुळात याच प्रकारची असते, त्यामुळे हे काम आता सोपे झाले आहे.

विश्वासाच्या प्रश्नाकडे वळते. अनोळखी प्रमाणपत्र आत घेताना साधन त्याचा तपशील दाखवून विचारते : यावर विश्वास ठेवायचा का? इथेही न बोलता एंटर दाबले तर उत्तर ‘नाही’. तपशिलात एक ‘बोटाचा ठसा’ असतो : एसएचए-२५६ पद्धतीने काढलेल्या ३२ जोड्या, प्रत्येकीत ० ते ९ किंवा ए ते एफ यांतली दोन चिन्हे. वाचनालयाच्या अंतर्गत यंत्राचे प्रमाणपत्र शाखेतल्या संगणकावर घेताना तो ठसा फोनवरून, ओळखीच्या आवाजाकडून, ताडून घ्यावा. ज्या वाटेने प्रमाणपत्र आले त्याच वाटेने ठसा मागवला तर ताडण्याला काही अर्थ नाही. फोनवर ‘बी’, ‘डी’ आणि ‘ई’ सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही गावे ठरवली आहेत : अकोला, बडोदे, चिपळूण, धुळे, एरंडोल, फैजपूर. आकडेही सुटे वाचायचे, ‘अठ्ठावन्न’ न म्हणता ‘पाच आठ’. अठ्ठावन्न आणि अठ्ठावीस यांचा गोंधळ मराठीत किती होतो हे सांगायला नको.

एवढी काळजी अति वाटत असेल त्यांनी २०११ साल आठवावे. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली, पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे निघाली, त्यांत गूगलच्या नावाचेही होते, आणि ते इराणमधल्या लोकांची टपाल वाचण्यासाठी वापरले गेले. ब्राउझरांनी त्या कंपनीवरचा विश्वास काढून घेतला आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे आणि प्रमाणपत्रे देणाऱ्यांवर देखरेख ठेवणारे नियंत्रक आहेत. तरीही २०१४ च्या जुलैत राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि तिचे अधिकार रद्द करावे लागले. सहीवाल्याकडूनही गफलत होऊ शकते.

आता संस्थेने हे समजून घ्यावे असे मी का म्हटले ते. आमच्या वाचनालयाचे काम एका कंत्राटदाराकडे होते. करार संपला, माणसे बदलली, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत प्रमाणपत्राची मुदत सरली. जुने अंक पाहायला आलेल्या एम.ए.च्या मुलांना लाल इशारा दिसू लागला. पेटी आमच्या यंत्रावर होती, पासवर्ड कोणाकडेच नव्हता. काहींनी मुलांना ‘इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढे जा’ असे सांगायला सुरुवात केली. मला हे सर्वांत घातक वाटते : जो मुलगा वाचनालयाच्या पानावर इशारा ओलांडायला शिकतो तो बँकेच्या पानावरही ओलांडतो.

त्या बैठकीत कार्यवाहांनी विचारले, ‘बाई, पेटी उघडता येईल का?’ मी म्हटले, ‘काका, उघडायची गरजच नाही. संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या नावावर घेतला आहे ते आधी सांगा.’ सुदैवाने तो संस्थेच्या नावावर होता. पासवर्ड गेला तर जुनी किल्ली गेली, एवढेच. नवी जोडी करता येते, नवे मागणीपत्र पाठवता येते, कारण देणारा पाहतो तो पत्त्यावरचा ताबा. पण पत्ता कंत्राटदाराच्या नावावर असता तर जुन्या अंकांच्या दारावर आमचा हक्क उरला नसता. लहान भाषिक संस्थांनी आपल्या पत्त्याची नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे आजच पाहावे. कीटूल त्यानंतर.

पासवर्डाबद्दल एक टीप. जावाच्या विश्वासपेटीचा मूळ पासवर्ड इंग्रजीत ‘चेंज-इट’, म्हणजे ‘हा बदला’, असा आहे. तो इतक्या ठिकाणी तसाच आहे की शब्द आणि अर्थ यांच्या ताटातुटीचे उदाहरण म्हणून अर्थविचाराच्या तासाला द्यावा.

बडोद्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला, तेव्हा कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भारतीय भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले गेले. या विषयाला तसा हात अजून लागलेला नाही. मी वर्गात किल्लीजोडी, किल्लीपेटी, विश्वासपेटी, मागणीपत्र, टोपणनाव हे शब्द वापरते. ‘सर्टिफिकेट’ लोकांच्या तोंडी आहे, तो हट्टाने काढत नाही. ‘फिंगरप्रिंट’ला नुसते ‘ठसा’ म्हणावे तर शिक्क्याच्या ठशाशी घोटाळा होतो, म्हणून मी ‘बोटाचा ठसा’ म्हणते. यापेक्षा सुटसुटीत शब्द इंदूर, बेळगाव किंवा पणजीच्या कोणी सुचवला तर मला हवा आहे.

मुदतीचा हिशेब शेवटी देते, कारण तो बदलतो आहे. जाहीर संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस मिळत. ब्राउझर बनवणारे आणि प्रमाणपत्र देणारे यांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून ही मर्यादा २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस होते. ४७ दिवसांनी हाताने आयात करणे कोणत्याही वाचनालयाला झेपणार नाही. ते काम आपोआप करणारी व्यवस्था बसवावी लागेल. ती बसवणाऱ्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : पेटी कुठे आहे, टोपणनाव काय, आणि पासवर्डाचा बंद लखोटा कोणत्या कपाटात आहे. आमच्याकडे ही नोंद आवक-जावक रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आहे आणि दर तिमाहीला कार्यवाह आणि ग्रंथपाल दोघे तिच्यावर सही करतात.